पावसात घडलेला सारथी

दक्षिण अमेरिकेतील ब्राझील या विशाल देशात साओ पाउलो नावाचे एक प्रचंड शहर आहे. कॉफीच्या व्यापारावर ते वाढले आणि पुढे कारखान्यांनी गजबजून गेले. या शहराच्या सांताना नावाच्या भागात २१ मार्च १९६० रोजी एका सधन कुटुंबात आयर्टन सेन्ना द सिल्वा याचा जन्म झाला. वडील मिल्टन यांचा मोटारींचे सुटे भाग तयार करण्याचा कारखाना होता. त्यांची शेतीवाडीही मोठी होती. आईचे नाव नेईदे. विवियानी ही थोरली बहीण आणि लिओनार्दो हा धाकटा भाऊ. घरात कशाची वाण नव्हती.

तथापि आईवडिलांना या मुलाची एक काळजी लागून राहिली होती. त्याच्या हालचालींत मेळ नसे. चालताना त्याचा तोल जाई, धावताना तो अडखळे, हातातील वस्तू गळून पडे. डॉक्टरांनी तपासले, पण त्यांना काही दोष आढळला नाही. आयर्टन चार वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी त्याच्यासाठी एक छोटीशी गाडी बनविली. चार चाके, एक बैठक आणि गवत कापण्याच्या यंत्राचे एक अश्वशक्तीचे इंजिन, एवढाच तिचा संसार. या गाडीत बसताच मुलात पालट झाला. जमिनीवर अडखळणारे पोर गाडीत बसले की सावध होई, हात आणि डोळे एकमेकांना ओळखू लागत. सातव्या वर्षी तर तो शेतावरची जीप चालवू लागला होता.

वडिलांनी बनविलेल्या त्या गाडीसारख्या गाडीला कार्ट म्हणतात. आर्ट इंगल्स या अमेरिकन कारागिराने १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात पहिली कार्ट बनविली, आणि तीही गवत कापण्याच्या यंत्राच्या इंजिनावरच चालणारी होती. पुढे शर्यतीच्या कार्ट निघाल्या. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, जमिनीला जवळजवळ टेकलेली बैठक, बैठकीशेजारी लहानसे इंजिन, अशी ही गाडी दिसावयास खेळण्यासारखी असते. पण ती चालविणे खेळ नव्हे. तिला धक्के शोषून घेणाऱ्या स्प्रिंगा नसतात, त्यामुळे रस्त्यावरचा लहानसा खडाही चालकाच्या पाठीच्या कण्याला जाणवतो. आणखी एक गोष्ट आहे. कवायतीत मुलांची रांग वळते तेव्हा आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी राहतो आणि बाहेरच्या टोकाच्या मुलाला लांबलांब पावले टाकावी लागतात, हे तुम्ही पाहिले आहे. मोटारीच्या चाकांचेही तसेच असते. वळताना बाहेरच्या चाकाला अधिक अंतर तोडावे लागते. म्हणून साध्या मोटारीत दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची रचना केलेली असते. कार्टमध्ये ती नसते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसविलेली असतात. तेव्हा वळणावर आतले मागचे चाक केसभर वर उचलले जाईल अशा बेताने गाडी वळवावी लागते. ते उचलले नाही तर गाडी अडते, आणि फार उचलले तर ती घसरते. हा बेत पुस्तकातून कळत नाही. तो शरीराला शिकावा लागतो.

ब्राझीलमध्ये कार्टच्या अधिकृत शर्यतींत भाग घेण्यास वयाची तेरा वर्षे पूर्ण व्हावी लागत. आयर्टनने तोवर वाट पाहिली. १९७३ मध्ये तो इंटरलागोस येथील कार्टमार्गावर शर्यतीत उतरला. इंटरलागोस म्हणजे सरोवरांच्या मधली जागा. साओ पाउलोच्या दक्षिणेस दोन मोठ्या जलाशयांच्या मध्ये हे ठिकाण आहे, आणि तेथे मोटारींच्या शर्यतीचा मोठा मार्गही आहे. बरोबरीचे बहुतेक चालक त्याच्याहून वयाने मोठे होते. लुसिओ पास्क्वाल नावाचा, मूळचा स्पेनचा, एक निष्णात कारागीर वडिलांनी त्याच्यासाठी गाठून दिला होता. पास्क्वाल इंजिने जुळवी आणि आयर्टन त्याच्या शेजारी बसून प्रत्येक खिळा न खिळा न्याहाळी. गाडी केवळ चालविण्याऐवजी ती समजून घेण्याची ही सवय त्याला येथेच जडली.

कोरड्या रस्त्यावर तो लवकरच इतरांच्या पुढे गेला. परंतु एके दिवशी शर्यत चालू असताना पाऊस आला. आयर्टनला काही सुचेना. वळणावर गाडी भलतीकडे जाऊ लागली, आणि ज्यांना तो एरवी सहज मागे टाकी त्यांनी एकामागून एक त्याला गाठले. तो दिवस त्याच्या मनाला फार लागला. त्या दिवसापासून साओ पाउलोवर ढग जमले, पाऊस सुरू झाला, की इतर मुले घरी पळत आणि आयर्टन आपली कार्ट घेऊन इंटरलागोसला जाई. भिजत, घसरत, गवतात जाऊन पडत तो एकटाच फेऱ्या मारी. अंधार पडेपर्यंत हे चाले, आणि पुन्हा पाऊस आला की पुन्हा तेच.

ओल्या रस्त्यात असे काय शिकण्यासारखे असते, असे तुम्ही विचाराल. आपल्याकडे मृगाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा डांबरी रस्त्यावर सायकली का घसरतात, ते आठवा. वर्षभर सांडलेले तेल आणि टायरांचा झिजलेला रबर पाण्याबरोबर वर येतो आणि रस्ता निसरडा होतो. शर्यतीच्या मार्गावर तर सर्व गाड्या एकाच रेषेवरून धावतात. तेथे रबराचा थर बसून ती रेषा गुळगुळीत होते. कोरड्या दिवशी तीच उत्तम असते, पण पावसात तीच दगा देते. म्हणून पावसात नेहमीची वाट सोडून, ज्या बाजूने कोरड्या दिवशी कोणी जात नाही, त्या खरबरीत बाजूने जावे लागते. शिवाय ब्रेक हळुवार लावावा लागतो, इंजिनाला जोर थेंबाथेंबाने द्यावा लागतो, आणि मागची चाके सुटू लागण्यापूर्वीच ती सुटणार हे ओळखावे लागते. प्रत्येक वळणावर पाणी कोठे साचते आणि कोठून वाहून जाते हेही ध्यानात ठेवावे लागते. हे सर्व आयर्टनने पावसात बसून पावसाकडूनच शिकून घेतले.

१९७७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो दक्षिण अमेरिकेचा कार्टमधील अजिंक्यवीर झाला. आता जगज्जेतेपद मिळवावयाचे, तर युरोपात जाणे भाग होते. १९७८ मध्ये तो इटलीतील मिलान शहरी डी. ए. पी. नावाच्या कारखान्यात दाखल झाला. आंजेलो पारिल्ला आणि त्यांचे बंधू तेथे कार्ट आणि त्यांची इंजिने बनवीत. आयर्टनला ना धड इटालियन येई, ना इंग्रजी. याच कारखान्यासाठी टेरी फुलर्टन नावाचा एक इंग्रज चालक शर्यती खेळत असे. तो वयाने सात वर्षांनी मोठा होता आणि १९७३ मध्येच जगज्जेता झालेला होता. ब्राझीलमध्ये आपल्याइतका वेगवान कोणी नाही असे वाटणाऱ्या मुलाला रोज सकाळी आपल्याहून सरस माणसाच्या मागे धावावे लागले. हे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही, आणि आले तरी सर्वांना सोसत नाही. आयर्टनने ते सोसले. फुलर्टन वळणात कोठे शिरतो, ब्रेक केव्हा सोडतो, हे तो मागून पाहत राही.

त्या काळच्या कार्टच्या इंजिनात एक खोड होती. लांब सरळ पट्ट्यावर पूर्ण वेगात धावताना ते फार तापे आणि मधेच अडकून बसे. चालक यावर एक युक्ती करीत. सरळ पट्ट्याच्या टोकाशी क्षणभर एक हात सुकाणूवरून काढून ते तो इंजिनाच्या हवा आत घेणाऱ्या तोंडावर ठेवीत. हवा कमी झाली की तेलमिश्रित इंधन अधिक ओढले जाई आणि इंजिनाचा दाह शमे. एका हाताने हे करावयाचे आणि दुसऱ्या हाताने, अतिवेगात, चाकाला चाक भिडवून धावणाऱ्या गाड्यांतून आपली गाडी वळणात घालावयाची! आयर्टनचा यात हातखंडा होता.

पहिल्या वर्षी फ्रान्समधील ल मां येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत तो सहावा आला. दुसऱ्या वर्षी, १९७९ मध्ये, ही स्पर्धा पोर्तुगालमधील एस्तोरिल येथे भरली. अखेरची धाव संपली तेव्हा आपण जिंकलो असे आयर्टनला वाटले. पण गुणांची बेरीज झाली तेव्हा पीटर कूने या डच चालकाचे आणि त्याचे गुण समान भरले. नियमाप्रमाणे आधीच्या फेऱ्यांतील क्रमांक पाहिले गेले आणि अजिंक्यपद कूनेला मिळाले. १९८० मध्ये बेल्जियममधील निवेल येथे पुन्हा दुसरा क्रमांक आला. पुढे १९८२ पर्यंत तो या स्पर्धेत उतरत राहिला, मोठ्या गाड्यांतून सवड काढून उतरला, पण कार्टचे जगज्जेतेपद त्याला अखेरपर्यंत लाभले नाही.

कार्टनंतरची पायरी म्हणजे एकासनी मोटार. हिच्यात एकट्या चालकापुरतीच जागा असते, तिची चाके अंगाबाहेर उघडी असतात, इंजिन पाठीमागे असते आणि चालक जवळजवळ निजलेल्या स्थितीत बसतो. या मोटारींच्या स्पर्धांचे चढते वर्ग असतात आणि सर्वांत वरच्या वर्गाला फॉर्म्युला वन म्हणतात. पहिल्या पायरीचे नाव फॉर्म्युला फोर्ड. १९६७ पासून इंग्लंडमध्ये हा वर्ग सुरू झाला. सर्वांना फोर्ड कंपनीचे साध्या मोटारीचे सोळाशे घनसेंटिमीटरचे इंजिन आणि साधे टायर, मग पुढे कोण जातो ते पाहू, असा त्यामागचा रोखठोक विचार होता. कार्टमधून आलेल्या मुलाला येथे बरेच नवे शिकावे लागते. कार्टला गिअर नव्हता, येथे आहे. तेथे स्प्रिंगा नव्हत्या, येथे आहेत. म्हणून सुकाणू फिरविल्यावर गाडी आधी झुकते आणि मग वळते. कार्टमध्ये मनात येताच वळण घडे, येथे गाडीला क्षणभर वेळ द्यावा लागतो.

१९८१ च्या आरंभी, एकवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, आयर्टन आपल्या नवविवाहित पत्नीसह इंग्लंडमध्ये आला आणि नॉर्विच शहराजवळ राहू लागला. तेथून जवळच राल्फ फर्मन यांचा व्हॅन डायमन नावाचा फॉर्म्युला फोर्ड गाड्यांचा कारखाना होता. ब्राझीलच्याच चिको सेरा या चालकाने त्याची शिफारस केली होती. १ मार्च रोजी ब्रँड्स हॅच येथील पहिल्या शर्यतीत तो पाचवा आला. १५ मार्च रोजी तेथेच पुन्हा शर्यत झाली. त्या दिवशी पाऊस होता. इंटरलागोसला एकट्याने मारलेल्या फेऱ्या कामी आल्या. एकासनी मोटारीतील त्याचा हा पहिला विजय. त्या वर्षी त्याने फॉर्म्युला फोर्डची दोन अजिंक्यपदे पटकावली.

आणि येथेच त्याची कथा संपावयाची वेळ आली. घरून बोलावणे आले होते. वडिलांच्या मते मुलाने आता हौस पुरवून घेतली होती, यापुढे त्याने व्यवसायात लक्ष घालावे हे उचित होते. त्यांचे म्हणणे अनाठायी होते असे कोण म्हणेल? आजवरचा सर्व खर्च त्यांनीच सोसला होता. मोटारींच्या शर्यती हा पैशाचा खेळ आहे. आयर्टनइतकीच बुद्धी आणि चिकाटी असलेली किती गरिबांची मुले या वाटेवर पहिले पाऊलही टाकू शकली नसतील, हे विसरता येत नाही. आयर्टनने वडिलांची आज्ञा मानली. आपण शर्यती सोडीत आहोत असे इंग्लंडमध्ये जाहीर करून तो मायदेशी परतला. निघण्यापूर्वी रशेन ग्रीन या संघाने त्याला वरच्या वर्गात, फॉर्म्युला फोर्ड २००० मध्ये, दहा हजार पौंडांत गाडी देऊ केली होती. होकार न देताच तो निघाला.

साओ पाउलोत त्याने काही महिने वडिलांच्या व्यवसायात काढले. शरीर तेथे होते, मन नव्हते. मुलगा कामात चुकत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरचे तेज गेले आहे, हे घरच्यांच्या लक्षात येण्यास वेळ लागला नाही. वडिलांनी आपला आग्रह सोडला. १९८२ च्या आरंभी आयर्टन पुन्हा इंग्लंडला गेला. या वेळी तो एकटा होता, कारण हा विवाह टिकला नाही. आता माघार नाही अशा निश्चयाने त्याने नावही बदलले. द सिल्वा हे आडनाव ब्राझीलमध्ये घरोघर आढळते. म्हणून आईचे माहेरचे आडनाव त्याने पुढे केले आणि तो आयर्टन सेन्ना म्हणून ओळखला जाऊ लागला. त्या एका वर्षात त्याने फॉर्म्युला फोर्ड २००० चे ब्रिटिश आणि युरोपीय असे दोन्ही किताब जिंकले.

पुढची पायरी होती ब्रिटिश फॉर्म्युला थ्री. या गाड्यांना पुढे-मागे पंख असतात. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. हे पंख उलटे बसविलेले असतात, म्हणून ते गाडीला जमिनीवर दाबून धरतात आणि गाडी वेगाने वळणे घेऊ शकते. १९८३ मध्ये डिक बेनेट्स यांच्या वेस्ट सरे रेसिंग या संघातर्फे सेन्ना उतरला आणि त्याने पहिल्या ओळीने नऊ शर्यती जिंकल्या! थंड टायरांना रस्त्याची पकड नसते, म्हणून पहिल्या फेरीत इतर चालक जपून चालवीत. सेन्ना मात्र त्याच फेरीत पुढे निघून जाई, कारण निसरड्या गाडीची त्याला सवय होती.

मग वारे फिरले. मार्टिन ब्रंडल हा शांत स्वभावाचा इंग्रज तरुण त्याला हरवू लागला. सेन्नाला दुसरा क्रमांक सोसेना. जेथे थोडे थांबून गुण पदरात पाडून घ्यावयाचे, तेथे तो घुसे आणि आपटे. औल्टन पार्क येथे तर त्याची गाडी थेट ब्रंडलच्या गाडीवर चढली. सुदैवाने दोघेही वाचले. हा त्याच्या स्वभावातला मोठा दोष होता आणि तो पुढेही पुरता गेला नाही. वीस शर्यतींपैकी एकोणीस संपल्या तरी अजिंक्यपदाचा निकाल लागला नव्हता. विसावी शर्यत ऑक्टोबरमध्ये थ्रक्स्टन येथे होती.

तेथे सेन्नाने एक धाडसी बेत केला. इंजिनातील तेल लवकर तापले तर आरंभापासूनच पूर्ण जोर मिळतो. म्हणून तेल थंड करणाऱ्या जाळीची वाट चिकटपट्टी लावून बंद करण्यात आली. पण तेल तापल्यावर ती पट्टी निघाली नाही, तर तेच तेल अति तापून इंजिन नष्ट होणार! ती चालत्या गाडीतून ओढून काढावयाची होती. शर्यत सुरू झाली, सेन्ना पुढे गेला, आणि पट्टी काढण्यास हात बाहेर घातला तर हात पोहोचेना. त्याने धावत्या गाडीत अंगावरचे पट्टे सैल केले, बाहेर वाकून चिकटपट्टी खेचली आणि पुन्हा सुकाणू धरले. एका हाताने सुकाणू सांभाळावयाचे आणि दुसऱ्याने इंजिनाकडे पाहावयाचे, हा धडा त्याने कार्टमध्येच गिरविला होता. तरीही सांगणे भाग आहे की सैल पट्ट्यांनिशी तशा वेगात धावणे हा जिवाशी खेळ होता. तो शर्यत जिंकला आणि अजिंक्यपदही त्याला मिळाले. पुढच्याच महिन्यात मकाव येथील फॉर्म्युला थ्रीची शर्यतही त्याने जिंकली. चार वर्षांचा असताना एका अश्वशक्तीच्या गाडीत बसलेला मुलगा आता सर्वांत वरच्या दारापाशी उभा होता.

मोठमोठ्या संघांनी त्याची चाचणी घेतली होती, पण १९८४ मध्ये त्याला जागा मिळाली ती टोलमन या लहान संघात. पहिली शर्यत मायदेशीच, रिओ द जानेरो येथे होती. आठव्या फेरीत गाडी बिघडून त्याला थांबावे लागले. दुसऱ्या शर्यतीत, दक्षिण आफ्रिकेत, त्याने सहावा क्रमांक मिळविला. शर्यत संपली तेव्हा त्याचे अंग इतके आखडले होते की त्याला गाडीतून उचलून काढावे लागले. आपले शरीर अजून या कामास पुरेसे कणखर नाही हे त्याने ओळखले आणि पुढे वर्षानुवर्षे धावण्याचा व्यायाम करून ते कमावले.

३ जून १९८४ रोजी मोनाको येथे शर्यत होती. मोनाको हे समुद्रकाठचे चिमुकले राज्य. तेथे शर्यतीसाठी वेगळा मार्ग नाही. शहरातले अरुंद, चढउताराचे रस्तेच लोखंडी कठडे लावून बंद करतात. त्या दिवशी मुसळधार पाऊस पडत होता. नामांकित चालक कठड्यांवर आदळत होते. तेराव्या जागेवरून निघालेला सेन्ना एकेकाला मागे टाकीत दुसऱ्या क्रमांकावर आला आणि सर्वांत पुढे असलेल्या आलँ प्रोस्त या फ्रेंच चालकाला प्रत्येक फेरीत काही सेकंदांनी गाठू लागला. पाऊस वाढला, तेव्हा अधिकाऱ्यांनी शर्यत थांबविली. एकतीस फेऱ्यांअखेरचा क्रम ग्राह्य धरण्यात आला आणि सेन्ना दुसरा ठरला. शर्यत पूर्ण झाली असती तर तोच जिंकला असता असे पुष्कळ लोक म्हणतात. स्टेफान बेलोफ हा जर्मन तरुणही मागून तितक्याच झपाट्याने येत होता, हे मात्र ते सांगत नाहीत.

पुढच्या वर्षी तो लोटस संघात गेला. २१ एप्रिल १९८५ रोजी पोर्तुगालमध्ये शर्यत झाली, ती एस्तोरिल येथे. सहा वर्षांपूर्वी जेथे समान गुण होऊनही कार्टचे जगज्जेतेपद हातचे गेले होते, तेच हे गाव. आणि पुन्हा पाऊस! सेन्ना आरंभापासून पुढे राहिला. दुसऱ्या क्रमांकावर आलेला इटलीचा मिकेले अल्बोरेतो त्याच्या मागे एका मिनिटाहून अधिक अंतरावर होता, आणि बाकी सर्वांना तर त्याने निदान एका फेरीने मागे टाकले होते. फॉर्म्युला वनमधील त्याचा हा पहिला विजय.

पुढचा इतिहास प्रसिद्ध आहे. १९८८, १९९० आणि १९९१ या तीन वर्षी तो मॅकलारेन संघातून जगज्जेता झाला. एकूण १६१ शर्यतींत त्याने ४१ जिंकल्या आणि ६५ वेळा सर्वांत पुढच्या जागेवरून सुरुवात केली. यांपैकी १९९० च्या अजिंक्यपदावर एक डाग आहे. जपानमधील सुझुका येथे पहिल्याच वळणावर त्याने प्रोस्तच्या गाडीला टक्कर दिली. दोघेही बाद झाले आणि गुणांच्या आघाडीमुळे सेन्ना जगज्जेता ठरला. आदल्या वर्षी याच मार्गावर दोघांची टक्कर होऊन अजिंक्यपद प्रोस्तकडे गेले होते, तो राग त्याच्या मनात होता. ही टक्कर आपण हेतुपुरस्सर केली, हे त्याने पुढच्या वर्षी स्वतःच सांगितले. इतक्या वेगात दुसऱ्याच्या गाडीवर गाडी घालण्याचे समर्थन कोणत्याही रागाने होऊ शकत नाही.

त्याच सेन्नाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९९२ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सरावाच्या वेळी एरिक कोमास या फ्रेंच चालकाला अपघात झाला. तो बेशुद्ध पडला होता आणि इंजिन चालूच होते. आग भडकण्याचा संभव होता. सेन्नाने आपली गाडी थांबविली, रस्त्यावरून धावत जाऊन कोमासचे इंजिन बंद केले आणि डॉक्टर येईपर्यंत त्याचे डोके आधाराने धरून ठेवले.

मायदेशातील विजय त्याला फार उशिरा लाभला. १९९१ मध्ये इंटरलागोसच्या मोठ्या मार्गावर तो आघाडीवर असताना गाडीचे गिअर एकामागून एक निकामी झाले. शेवटी सहावा तेवढा उरला. संथ वळणेही त्याला त्याच एका गिअरवर घ्यावी लागली. अखेरीस पाऊसही शिंपडू लागला. सुमारे तीन सेकंदांच्या अंतराने तो जिंकला, पण खांद्यांत इतके गोळे आले होते की त्याला गाडीबाहेर पडता येईना. विजयचषक कसाबसा वर उचलून त्याने लोकांना दाखविला.

१९९३ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील अॅडलेड येथे त्याने आपली अखेरची शर्यत जिंकली. तेथे त्याला विचारण्यात आले की, आजवर कोणाशी झुंजताना सर्वांत अधिक समाधान वाटले? लोकांना वाटले, तो प्रोस्तचे नाव घेईल. त्याने नाव घेतले टेरी फुलर्टनचे. जमलेल्यांपैकी अनेकांनी ते नाव ऐकलेही नव्हते. कार्टच्या त्या दिवसांत पैसा नव्हता, राजकारण नव्हते, केवळ शर्यत होती, असे त्याने त्याचे कारण दिले.

१९९४ मध्ये तो विल्यम्स संघात आला. इटलीतील इमोला येथे ३० एप्रिल रोजी रोलांड राट्झेनबर्गर हा ऑस्ट्रियन चालक सरावात मरण पावला. सेन्ना अतिशय अस्वस्थ झाला. दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, आघाडीवर असताना सातव्या फेरीत ताम्बुरेल्लो नावाच्या वळणावर त्याची गाडी सरळ भिंतीवर गेली. त्याच दिवशी बोलोन्या येथील रुग्णालयात त्याचा अंत झाला. त्याला चौतिसावे वर्ष पूर्ण होऊन अवघे काही आठवडे झाले होते. मोडलेल्या गाडीत ऑस्ट्रियाचा एक गुंडाळलेला ध्वज सापडला. शर्यत जिंकल्यावर राट्झेनबर्गरच्या स्मरणार्थ तो फडकविण्याचा त्याचा मानस होता. या दोन मृत्यूंनंतर गाड्यांचे आणि मार्गांचे नियम पुष्कळ बदलण्यात आले.

ब्राझील सरकारने तीन दिवसांचा दुखवटा पाळला. साओ पाउलोच्या रस्त्यांवर लक्षावधी माणसे उभी होती. शवपेटीला हात देणाऱ्यांत आलँ प्रोस्तही होता. ब्राझीलच्या गरीब मुलांसाठी काही करावे असे सेन्ना बहिणीशी बोलला होता. त्याच वर्षी विवियानी यांनी त्याच्या नावाची संस्था स्थापन केली आणि ती मुलांच्या शिक्षणाचे काम करू लागली. इंटरलागोसच्या त्या कार्टमार्गालाही पुढे आयर्टन सेन्ना याचे नाव देण्यात आले. ऊन असो वा पाऊस, तेथे मुले कार्ट चालवावयास येतात.